स्लाव्हिक मुलीच्या नावाचा अर्थ नि उगम कसा शोधायचा, 'स्वेतलाना' हे नाव धरून

बारसं जवळ आलं की घरच्या ग्रुपवर नावांच्या याद्या फिरायला लागतात आणि हल्ली त्यात मिला, आन्या, तान्या, नादिया, झोया, वेरा ही मंडळी हमखास असतात. पुढे अर्थही दिलेला असतो, "रशियन नाव, अर्थ परी" किंवा "चंद्रदेवता" किंवा सरळ "सुंदर". कुठल्याही नावापुढे सुंदर लिहून टाकलं की कोण विचारायला येतंय. पण ज्यांना खरंच बघायचंय की हे नाव आलं कुठून, पहिल्यांदा कुणी वापरलं, त्याच्या पोटात काय आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. एकच नाव शेवटपर्यंत हाताशी ठेवू, स्वेतलाना, कारण या एका नावात स्लाव्हिक नावांच्या बहुतेक सगळ्या भानगडी सापडतात, आणि याच्याबद्दल लोक चुकीचंही फार ठणकावून सांगतात. "प्राचीन स्लाव्हिक नाव" असं जिथेतिथे लिहिलेलं दिसेल. प्राचीन वगैरे काही नाहीये ते, जेमतेम सव्वादोनशे वर्षांचं आहे, कसं ते पुढे येईलच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, स्लाव्हिक म्हणजे रशियन नव्हे. रशियन, युक्रेनियन, बेलारूशियन ही पूर्वेकडची भावंडं, पोलिश, चेक, स्लोव्हाक पश्चिमेची, आणि सर्बियन, क्रोएशियन, स्लोव्हेनियन, बल्गेरियन, मॅसेडोनियन ही दक्षिणेची. शब्द पुष्कळसे सारखे, पण उच्चार बदलतो, धर्मपंथ बदलतो (कुठे ऑर्थोडॉक्स, कुठे कॅथलिक), आणि कधीकधी त्याच शब्दाचा अर्थसुद्धा सरकतो. म्हणून "स्लाव्हिक भाषेत याचा अर्थ अमुक" असं वाक्य दिसलं की तिथेच थोडं थांबायचं, कारण स्लाव्हिक नावाची भाषा आज कुणीच बोलत नाही.

पहिलं काम, पूर्ण नाव शोधा. याद्यांमध्ये जी गोड दोन अक्षरी नावं असतात ती बहुतेक घरातली हाक मारायची नावं आहेत, कागदावरची नाहीत. नताशा म्हणजे नतालिया, तान्या म्हणजे तातियाना, सोन्या म्हणजे सोफिया, कात्या म्हणजे एकातेरिना, आन्या म्हणजे आन्ना, नाद्या किंवा नादिया म्हणजे नादेझ्दा, आणि साशा तर अलेक्सांद्र नावाचा मुलगा पण असू शकतो नि अलेक्सांद्रा नावाची मुलगी पण. मिला घ्या, ती ल्युदमिला असेल, मिलेना असेल, रादमिला असेल. मग नुसत्या 'मिला'चा अर्थ शोधून हाती काय लागणार, फार तर 'मिल' म्हणजे लाडकं, प्रिय एवढं, आणि तेही नाव खरंच त्यातलं असेल तर. आपल्याकडे कुणी 'बाळू'चा उगम शोधत बसत नाही, आधी विचारतो की शाळेतलं नाव काय, बाळकृष्ण का बाळासाहेब. तसंच.

स्वेतलानाची घरातली नावं स्वेता, स्वेतोच्का, आणि शेपटाकडून तोडलं की लाना. यातली लाना नंतर परत येणारे.

दुसरं काम जरा मोठं आहे, आणि नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो. नाव कुठल्या ढिगातलं आहे ते ठरवायचं. ढीग साधारण तीन.

एक ढीग अस्सल जुन्या स्लाव्हिक नावांचा. ही नावं दोन शब्द जोडून केलेली असतात, आपल्या देवदत्त, यशोधरा सारखीच. जोडायचे तुकडे तेच तेच असतात आणि पंधरावीस तुकडे ओळखीचे झाले की निम्मी नावं आपोआप उलगडतात. मिल म्हणजे प्रिय, ल्युद म्हणजे लोक, स्लावा म्हणजे कीर्ती, मिर म्हणजे शांती (आणि जगसुद्धा), राद म्हणजे आनंदी, बोग म्हणजे देव, दान म्हणजे दिलेलं, व्लाद म्हणजे सत्ता, द्राग म्हणजे मोलाचं, लाडकं, झ्लात म्हणजे सोनं. आता बघा, ल्युदमिला म्हणजे लोकांना प्रिय, बोगदाना म्हणजे देवाने दिलेली, मिरोस्लावा, द्रागाना, झ्लाता, सगळ्या सुटतात. ल्युदमिला खरोखर जुनं नाव आहे, बोहेमियाची म्हणजे आजच्या चेक देशाची संत ल्युदमिला ९२१ साली तेतिन नावाच्या ठिकाणी मारली गेली, सुनेने माणसं पाठवून गळा आवळवला असं तिच्या कथेत सांगतात, आणि तिचा नातू वात्स्लाव तोही पुढे संत झाला. आजही चेक कॅलेंडरमध्ये १६ सप्टेंबरला ल्युदमिलाचा दिवस असतो आणि त्या नावाच्या बायकांना त्या दिवशी शुभेच्छा मिळतात, तिकडे प्रत्येक तारखेला कुठलं ना कुठलं नाव असतं.

दुसरा ढीग चर्चबरोबर आलेल्या नावांचा, आणि हा ढीग सगळ्यात मोठा. पोलंडने ९६६ मध्ये आणि कीव्हने ९८८ मध्ये ख्रिस्ती धर्म घेतला, त्यानंतर हळूहळू बाप्तिस्म्याला संताचं नाव ठेवायची पद्धत पक्की झाली आणि संत तर बहुतेक ग्रीक, रोमन, हिब्रू. त्यामुळे ज्यांना आपण एकदम टिपिकल रशियन समजतो ती नावं रशियन नाहीतच मुळी. नतालिया लॅटिन, ख्रिस्तजन्माच्या दिवसावरून. तातियाना जुन्या रोमन तातियुस या नावावरून. सोफिया ग्रीक, ज्ञान. इरिना ग्रीक, शांती. झोया ग्रीक, जीवन. आन्ना हिब्रू. ओल्गा तर थेट उत्तरेकडच्या नॉर्स लोकांची हेल्गा, जे व्यापारी-लढवय्ये नद्यांमधून बोटी हाकत कीव्हला पोचले त्यांच्याबरोबर आलेली. आणि पोलंडची याद्विगा, जिला १३८४ मध्ये मुकुट घालताना राणी नव्हे तर 'राजा' ही पदवी दिली, तिचं नाव जर्मन हेडविग. मला यातली सगळ्यात आवडती दाशा आहे. मराठी माणूस म्हणतो शी, दशा कोण ठेवेल. पण दाशा म्हणजे दारिया, दारिया म्हणजे इराणच्या दारयवहुश बादशहाच्या नावाचं स्त्रीरूप, आणि त्या जुन्या पर्शियन नावात 'दारय' म्हणजे आपलं 'धारय', 'वहु' म्हणजे आपलं 'वसु'. चांगलं ते धरून ठेवणारी. तर दशा नव्हे, वसुधारिणी म्हणा हवं तर.

या ढिगात एक छोटा अपवाद आहे, तो लक्षात ठेवण्यासारखा. वेरा, नादेझ्दा, ल्युबोव, म्हणजे श्रद्धा, आशा, प्रेम. या तिघी संत बहिणी, मूळ ग्रीक नावं पिस्तिस, एल्पिस, आगापे, आईचं नाव सोफिया. बाकी सगळी ग्रीक नावं जशीच्या तशी उचलली पण या तिघींच्या नावाचं चक्क भाषांतर केलं, त्यामुळे ती दिसायला अस्सल स्लाव्हिक आणि चर्चमध्येही चालणारी, म्हणजे दोन्हीकडून सोय. मुंबईला नादिया हे नाव माहीत झालं ते जुन्या सिनेमातल्या फिअरलेस नादियामुळे, ती मूळची मेरी एव्हान्स, जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा, नादिया हे तिने नंतर घेतलेलं नाव. आता नादिया अरबीतही स्वतंत्रपणे आहे, वेगळ्या धातूवरून, वेगळ्या अर्थाने. सारखं ऐकू येतं म्हणून सारखं नसतं. हे वाक्य पुढेही लागणारे.

तिसरा ढीग नव्याने घडवलेल्या नावांचा. यात सोव्हिएत काळातली मजेशीर नावं येतात, व्लादलेना म्हणजे व्लादिमिर लेनिन, ओक्त्याब्रिना म्हणजे ऑक्टोबर क्रांती, आणि निनेल. निनेल ऐकायला किती नाजूक फ्रेंच वाटतं नाही का, ते 'लेनिन' उलटं वाचलंय. हे माहीत नसताना कुणी त्याचा अर्थ "दयाळू राजकन्या" लिहून टाकला तर काय बोलायचं. पण या ढिगात क्रांतीच्या आधीची, कवींनी घडवलेली नावंही आहेत आणि आपली स्वेतलाना त्यातलीच.

आता तिसरं काम, स्पेलिंग बघायचं, त्या त्या देशातलं. नाव त्या लिपीत लिहिता आलं तर अर्धा शोध झाला समजा, कारण इंग्रजीत सर्च केलं की त्याच त्या बाळनावांच्या साइट्स वर येतात. फोनमध्ये रशियन कीबोर्ड टाका, दोन मिनिटांचं काम आहे. फक्त ती लिपी डोळ्यांना फसवते, रशियन 'स' दिसतो रोमन सी सारखा, 'व' दिसतो बी सारखा आणि 'न' दिसतो एच सारखा, त्यामुळे स्वेतलाना लिहिलेलं पहिल्यांदा बघितलं की वाटतं हे काय भलतंच. गोव्यात मोरजी, हरमल भागात दुकानांवर रशियन पाट्या असतात, तिथे गेलात तर वाचायचा प्रयत्न करा, सराव चांगला होतो. पोलिश, चेक, क्रोएशियन रोमन लिपीतच लिहितात पण अक्षरांचे उच्चार इंग्रजीसारखे नाहीत, तिथे 'जे' हे अक्षर म्हणजे 'य', नुसता सी म्हणजे 'त्स', आणि पोलिशमध्ये डब्ल्यू म्हणजे 'व'. म्हणून जेलेना नाही येलेना, डॅनिका नाही दानित्सा, मिलिका नाही मिलित्सा. दानित्सा म्हणजे पहाटेची शुक्राची चांदणी, फार सुंदर नाव आहे, पण डॅनिका म्हणून ठेवलं की तिकडचा माणूस ओळखणार नाही.

स्वेतलानाचं बघा. रशियन आणि सर्बियनमध्ये स्वेतलाना, युक्रेनियनमध्ये स्वित्लाना, बेलारूशियनमध्ये स्व्यातलाना. बेलारूसच्या २०२० च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष लुकाशेंकोसमोर उभी राहिलेली तिखानोव्स्काया आठवते का, बातम्यांमध्ये तिचं नाव कुठे स्वेतलाना कुठे स्व्यातलाना असं यायचं, ती चूक नव्हती, एक रशियन रूप आणि एक बेलारूशियन. मधला स्वर का बदलतो, तर मूळ जुन्या भाषेत तिथे एक वेगळाच 'ए' होता आणि प्रत्येक पोरीने, म्हणजे प्रत्येक भाषेने, तो आपापल्या मर्जीने वळवला.

चौथं काम, नाव तोडायचं. आणि तोडताना सांधा कुठे आहे ते नीट बघायचं. बरेच जण स्वेत अधिक लाना असं तोडतात कारण लाना हे वेगळं नाव ऐकलेलं असतं. चूक. रशियनमध्ये स्वेत म्हणजे प्रकाश, त्यावरून विशेषण 'स्वेतली' म्हणजे उजळ, प्रकाशमान, आणि त्याला बाईचं नाव करणारं 'आना' लागलं. सांधा आहे 'ल'च्या नंतर. स्वेतल्-आना. लाना हा नंतर मधूनच कापलेला तुकडा आहे, त्याला स्वतःचा काही अर्थ नाही. असंच स्नेग म्हणजे बर्फ त्यावरून स्नेझाना, द्राग वरून द्रागाना.

इथे एक खड्डा आहे ज्यात भलेभले पडतात. 'स्वेत' नि 'स्व्यात' हे दोन वेगळे शब्द. पहिला प्रकाश, दुसरा पवित्र. स्व्यातोस्लाव हे राजाचं नाव दुसऱ्यातलं. आता बेलारूशियन स्व्यातलाना बघून कुणी म्हणेल हे तर 'पवित्र' वालं झालं, पण नाही, त्या भाषेत प्रकाशालाच 'स्व्यात्लो' म्हणतात. त्यात भर म्हणजे सर्बियनमध्ये 'स्वेत' म्हणजे जग, आणि 'स्वेत'च म्हणजे पवित्रही, उजेडाला तिकडे स्वेतलो, स्वेतलोस्त. गोंधळ सोडवायचा तर पोलिशकडे जायचं, पोलिशने जुना अनुनासिक स्वर अजून सांभाळलाय. तिकडे जग म्हणजे 'श्व्यात' (हा प्रकाशवालाच शब्द, अर्थ सरकलेला) आणि पवित्र म्हणजे 'श्व्येंती', नाकातला उच्चार स्पष्ट ऐकू येतो. म्हणजे पवित्र वाल्या शब्दात मुळात अनुस्वार होता, प्रकाश वाल्यात नव्हता. शंका आली की पोलिश भाऊबंद बघायचा, ही युक्ती फार उपयोगी आहे.

पाचवं काम, संस्कृतशी जोडून बघायचं, पण हात आखडता ठेवून. होय, 'स्वेत' आणि आपला 'श्वेत' हे खरोखर नात्यातले आहेत, कोशांमध्ये तसं दिलेलं आहे. पण ही चुलत भावंडं, आईमुलगी नव्हेत. दोन्ही एकाच फार जुन्या भाषेतून उतरलेली. "रशियन ही संस्कृतमधून आली" असा जो फॉरवर्ड वर्षातून दोनदा येतो तो कृपया पुढे ढकलू नका. नातं ठरवायचं तर आवाज नुसते सारखे असून चालत नाही, ते ठरलेल्या नियमाने जुळायला लागतात. जसं की संस्कृतचा 'श' असेल तिथे स्लाव्हिकमध्ये बऱ्याचदा 'स' मिळतो: शत आणि स्तो, दश आणि देस्यात, श्रवस् म्हणजे कीर्ती आणि स्लावा, श्वेत आणि स्वेत. संस्कृतच्या 'ह' ला तिकडे 'झ': हिम आणि झिमा (हिवाळा), हिरण्य आणि झ्लातो. या नियमाने पुढे गेलात तर खजिना आहे. वेस्ना, म्हणजे वसंत ऋतू, हे सर्बिया-स्लोव्हेनियाकडे मुलीचं नाव आहे आणि ते आपल्या वसंताच्याच घरातलं. झिवा हे स्लोव्हेनियन नाव, जीव. ल्युबोव मधला ल्युब आणि आपला लोभ, 'लोभ असावा' मधला. बोगदाना मधला बोग नि आपला भग, भगवान मधला, आणि दान तर दानच.

आता नियम न लावता जोडलं की काय होतं तेही बघा. मिलान हे स्लाव्हिक पुरुषनाव, मिल वरून, प्रिय. आपलं मिलन वेगळं, त्याचा याच्याशी संबंध नाही. रादा म्हणजे आनंदी, राधा नव्हे. मिरा ही मिरोस्लावाची छोटी, मेवाडची मीरा नव्हे. दोन्हीकडे चालणारं नाव हवं म्हणून कुणी मिरा ठेवत असेल तर खुशाल ठेवावं, छानच आहे, फक्त अर्थ एकच आहे असं निमंत्रणपत्रिकेवर छापू नये.

सहावं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि ते कुणीच करत नाही. हे नाव कागदावर पहिल्यांदा कधी दिसतं? तोडून अर्थ कळतो, पण उगम तोडून कळत नाही, त्याला तारीख लागते. तुकडे हजार वर्षांचे असतील नि नाव कालचं असेल, असं होतं. स्वेतलानाचं नेमकं तेच झालंय.

१८०२ साली अलेक्सांद्र वोस्तोकोव्ह नावाच्या कवीने स्वेतलाना आणि म्स्तिस्लाव यांच्यावर एक काव्य लिहिलं, जुन्या काळाचा आव आणून. नाव तिथे पहिल्यांदा आलं, त्याच्या आधी कुठल्या बखरीत नाही, संतांच्या यादीत नाही. आणि हा माणूस कोण, तर एस्तोनियाच्या किनाऱ्यावरच्या सारेमा बेटावर १७८१ मध्ये जन्मलेला जर्मन घरातला मुलगा, मूळ आडनाव ओस्तेनेक. जर्मनमध्ये 'ओस्ट' म्हणजे पूर्व, रशियनमध्ये पूर्वेला 'वोस्तोक', म्हणून ओस्तेनेकचा वोस्तोकोव्ह झाला. स्वतःच्या आडनावालाही ज्याने स्लाव्हिक कपडे चढवले त्याने एक नवंकोरं नाव घडवून जुन्या पेटाऱ्यातलं म्हणून दिलं, आणि ते खपलं. बरं, हा पुढे मोठा भाषाशास्त्रज्ञ झाला. १८२० मध्ये त्यानेच दाखवून दिलं की जुन्या स्लाव्हिक लिपीतली अमुक अक्षरं अनुनासिक स्वरांची आहेत. म्हणजे वर मी जी पोलिशवाली युक्ती सांगितली, पवित्र की प्रकाश ओळखायची, तिच्या मुळाशी याच गृहस्थाचं काम आहे.

पण नाव घरोघरी पोचलं ते वासिली झुकोव्स्कीमुळे. त्याने आधी १८०८ मध्ये एका जर्मन बॅलडवरून, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या कवितेवरून, 'ल्युदमिला' लिहिली, त्यात मेलेला प्रियकर येऊन मुलीला थडग्यात घेऊन जातो. मग तीच गोष्ट फिरवून १८१३ मध्ये 'स्वेतलाना' छापली. सुरुवात जानेवारीतल्या एपिफनी सणाच्या आदल्या संध्याकाळची, पोरी बसून भविष्य बघतायत, पायातला बूट काढून फाटकाबाहेर फेकतायत, कोंबडीला मोजून दाणे घालतायत, मेण वितळवतायत, खिडकीखाली उभं राहून कान देतायत. स्वेतलाना आरशासमोर मेणबत्ती लावून एकटी बसते, तिला तो दिसतो, बर्फातून घोडागाडी, एकाकी झोपडी, आत शवपेटी. आणि मग ती जागी होते. स्वप्न होतं सगळं, सकाळ झालीय, घंटेचा आवाज येतोय आणि खराखुरा नवरा मुलगा दारात उभा आहे. नावातला प्रकाश गोष्टीत असा वापरलाय. ही कविता त्याने आपल्या भाचीला लग्नाचा आहेर म्हणून दिली आणि मग तिलाच लोक स्वेतलाना म्हणायला लागले, एवढंच नाही तर 'अरझामास' नावाच्या साहित्यिक टोळक्यात सगळ्यांनी झुकोव्स्कीच्या बॅलडमधली टोपणनावं घेतली तेव्हा खुद्द झुकोव्स्कीचं टोपणनाव स्वेतलाना होतं. पुरुष मंडळींच्या बैठकीत.

मग लगेच रशियाभर मुलींची नावं स्वेतलाना झाली का? नाही ना. कारण चर्च. संतांच्या यादीत नाव नसेल तर बाप्तिस्म्याला ठेवता येत नव्हतं. त्यामुळे पुढची शंभर वर्षं हे नाव जहाजांना मिळालं (एक स्वेतलाना नावाची युद्धनौका १९०५ च्या जपानबरोबरच्या त्सुशिमाच्या लढाईत बुडाली), १९१३ पासून पीटर्सबर्गच्या विजेच्या दिव्यांना मिळालं, पण पाळण्यातल्या मुलीला सहजी मिळेना. ज्यांना आपली मुलगी स्वेतलाना हवीच होती ते चर्चमध्ये तिला फोतिनिया म्हणवून घेत, ग्रीक 'फोस' म्हणजे प्रकाश, अर्थ तोच. १९१७ च्या क्रांतीनंतर जन्माची नोंद चर्चकडून सरकारकडे गेली आणि बंधन सुटलं. १९२६ मध्ये स्तालिनला मुलगी झाली तिचं नाव स्वेतलाना, मग काय विचारता.

तिची गोष्ट आपल्याला जवळची आहे. तिचा जोडीदार ब्रजेश सिंह हा उत्तर प्रदेशातल्या कालाकांकरचा, तो १९६६ मध्ये मॉस्कोत वारला, त्याच्या अस्थी घेऊन ती भारतात आली आणि मार्च १९६७ मध्ये दिल्लीच्या अमेरिकन वकिलातीत जाऊन तिने आसरा मागितला. अमेरिकेत लग्न केल्यावर तिने नाव लावलं लाना पीटर्स. तीच ती लाना, अर्थ नसलेला तुकडा, ज्यातून स्वेत गेलेला.

सातवं काम छोटंसं, नावाचं वय बघा. स्वेतलाना हे सोव्हिएत काळाच्या मधल्या दशकांत धो धो ठेवलं गेलं, त्यामुळे आज तिकडे स्वेतलाना म्हटलं की शाळेतली पोर नाही डोळ्यासमोर येत, बँकेतल्या काउंटरवरच्या किंवा निवृत्तीला आलेल्या बाई येतात, आपल्याकडे सुनंदा, शैलजा म्हटल्यावर येतात तशा. स्वेतलाना साविट्स्काया १९४८ ची, १९८४ च्या जुलैमध्ये अंतराळात यानाबाहेर पडलेली जगातली पहिली बाई, त्याच साल्यूत ७ स्थानकातून जिथे तीनच महिने आधी आपले राकेश शर्मा राहून आले होते. नोबेलवाली लेखिका स्वेतलाना अलेक्सियेविच तीही १९४८ चीच. तिकडे मधलं नाव बापाचं असतं हेही यात बघून घ्या, साविट्स्कायाचं पूर्ण नाव स्वेतलाना येव्गेन्येव्ना साविट्स्काया, बाप येव्गेनी. आपल्यासारखंच, फक्त मुलगी असेल तर शेवटी 'ओव्ना' किंवा 'एव्ना'. कित्येक याद्यांमध्ये हे 'येव्गेन्येव्ना' सुद्धा मुलीचं नाव म्हणून दिलेलं असतं, ते गाळायचं.

शोधायचं कुठे हे राहिलं. शब्दाच्या मुळासाठी माक्स फास्मरचा रशियन व्युत्पत्तिकोश आहे, नेटवर रशियनमध्ये सापडतो, ट्रान्सलेट लावून वाचता येतो, शब्द टाकला की इतर स्लाव्हिक भाषांतली रूपं नि संस्कृत नातेवाईक एका परिच्छेदात मिळतात. त्यात नाव सापडलं नाही तर ज्या शब्दावरून नाव झालंय तो टाका, म्हणजे स्वेतलाना नाही, स्वेत. विक्शनरी हा नेटवरचा कोश पण बरा आहे पण इंग्रजी पानापेक्षा रशियन, पोलिश पान बघा. चेक आणि पोलिश नावांसाठी त्यांची नावांची कॅलेंडरं बघायची, नाव कुठल्या तारखेला नि कुठल्या संताशी बांधलंय ते कळलं की ढीग कुठला ते कळतं. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकवतात, मुंबईत पेडर रोडला रशियन सेंटर आहे, तिथे रशियन येणारी माणसं भेटतात. आणि रशियात एमबीबीएसला गेलेली पोरं तर आता मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्यात सापडतील, त्यांना अर्थ विचारू नका, उच्चार विचारा, तो ते झकास सांगतात. बाळनावांची साइट वापरायची तर एक चाचणी घ्या, तिथे निनेल किंवा नताशा टाकून बघा. निनेलपुढे लेनिन नसेल आणि नताशापुढे नतालिया नसेल तर बाकीच्या पानावरही विश्वास ठेवू नका.

आणि हे नाव खरंच ठेवायचं असेल तर मराठी लिहिण्याचं आधी ठरवून घ्या. जोर 'ला' वर आहे, रशियन माणूस बोलताना पहिला स्वर दाबतो त्यामुळे ऐकू येतं साधारण 'स्वित्लाना'. देवनागरीत स्वेतलाना लिहिलं की ठीक. जन्मदाखल्यावर क्लार्क हमखास 'श्वेतलाना' करतो कारण त्याच्या हाताला श्वेता लिहायची सवय असते, तेव्हा तिथेच उभं राहून वाचून घ्या, नाहीतर दाखला एक, आधार दुसरं आणि पासपोर्ट तिसरं असं होऊन बसेल. घरात मात्र स्वेता म्हणा की श्वेता म्हणा, तिकडचा माणूस दोन्हीला वळून बघेल.